नांदेड ते लातूर, विमानाने अर्धा तास

नांदेडहून लातूरला विमानाने जायला अर्धा तास लागतो, असं इंटरनेटवर लिहिलेलं आहे. आम्हाला सकाळच्या चहापासून दुपारची उन्हं कलेपर्यंत वेळ लागला, पण आमच्याबद्दल इंटरनेटवर कुणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहितो. ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांचं काही अडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नांदेड

सुरुवात मेहुण्याच्या फोनने झाली. बालाजी, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, लातूरला हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि उरलेला सगळा वेळ मोबाईलला देतो. यंदा धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला होता. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात आमच्या मराठवाड्यात जावयाला सासुरवाडीला बोलावतात, त्याचे पाय धुतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात आणि वर कपडे करतात. यात जावयाने स्वतः काहीच करायचं नसतं. त्यामुळे हा एक सोहळा बहुतेक जावयांना नीट जमतो.

"दाजी, रविवारी येऊन राहिले ना?" बालाजी म्हणाला. "मंग विमानानंच या."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"चेष्टा न्हाई दाजी. मोबाईलात हाय. नांदेड विमानतळ ते लातूर विमानतळ, अर्धा घंटा."

मी भूगोलाचा मास्तर. निवृत्त होईपर्यंत पोरांकडून नकाशे गिरवून घेतले, तेव्हा नांदेड कुठे आणि लातूर कुठे हे मला मेहुण्याने सांगायची गरज नव्हती. तरी म्हटलं, ते पान पाठव. त्याने पाठवलं. दोन ठिपके, मधे एक सरळ रेघ. अंतर किलोमीटरमध्ये, मैलांमध्ये आणि शिवाय सागरी मैलांमध्ये. ज्या लातूरला एका उन्हाळ्यात प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, तिथवरचं अंतर सागरी मैलांत मोजणारा माणूस कुठल्या देशात बसला असेल कोण जाणे. खाली विमानाला लागणारा वेळ होता, दोन्ही शहरांतल्या घड्याळात फरक नसल्याची ग्वाही होती आणि प्रवास सुखाचा होवो अशी शुभेच्छाही होती. नव्हतं ते फक्त विमान.

म्हणजे नांदेडला विमान उतरतं. त्याची फुशारकी आम्ही नांदेडकर वेळी-अवेळी मारतोच, मग त्यात बसलेलो असो वा नसो. लातूरलाही धावपट्टी आहे, इमारत आहे, कुंपण आहे, फाटक आहे. तिकीट काढून बसावं असं विमान तेवढं तिकडे जात नाही. पानावरचा तो अर्धा तास म्हणजे विमान असतं तर लागला असता असा वेळ. अशा हिशेबाने मला मिशी असती तर ती पिळायला किती वेळ लागला असता, हेही कुठेतरी लिहिलेलं असेल.

हे सगळं मी बालाजीला समजावून सांगितलं. तर म्हणाला, "दाजी, घोळ झालाय. म्या ते आबांना वाचून दाखवलं."

आबा म्हणजे माझे सासरे, व्यंकटराव. आमच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणतो. लातूरचं विमानतळ झालं त्यात मामांचं रान गेलं. मोबदला मिळाला, त्यातून गावात घर झालं, बालाजीचं दुकान उभं राहिलं, तक्रार काही नाही. मामांची अपेक्षा एकच राहिली होती. आपल्या रानात विमान उतरावं आणि त्यातून आपलं माणूस बाहेर यावं. आधी ते बघायचं होतं. गेल्या काही वर्षांत डोळे गेले, तेव्हापासून नुसतं ऐकायचं होतं. बालाजीने ते पान वाचून दाखवल्यावर मामांनी गल्लीभर सांगितलं की यंदा जावई विमानानं येणार.

"मग आता सांग त्यांना."

"तुमीच सांगा. तुमी जावई. तुमच्यावर वरडणार न्हाईत."

आमच्या सौभाग्यवती, सुनंदा, शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. तिने फोन काढून घेतला, भावाला दोन शेलक्या शब्दांत धुतलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "एकदा हो म्हटलं तर काय झिजणार आहे तुमचं? डॉक्टरांनी बालाजीला बाहेर बोलावून काय सांगितलंय, विसरलात का? पुढचा धोंडा तीन वर्षांनी. आबा असतील का तेव्हा?"

मी म्हटलं, मी आयुष्यभर खोटा नकाशा काढणाऱ्या पोराला बाकावर उभं केलंय. आता स्वतः खोटं विमान काढू का? रविवार उजाडला. तिने अर्धापूरच्या केळ्यांची मोठी फणी पाटीत घातली, वर ओलं फडकं टाकलं आणि आम्ही बसस्थानकाकडे निघालो.

जावयांची गाडी

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि आम्हाला पूर्ण. पण खिडकी तिला. न्याय कसा असतो तो बघायचा तर एसटीत बसावं.

गाडी भरल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळ्या बाकांवर एकच दृश्य आहे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, घामाने भिजलेला, तोंड वर करून बसलेला एक पुरुष. शेजारी नवी साडी नेसलेली, पिशव्या सांभाळणारी बाई. धोंड्याच्या महिन्यातला रविवार होता आणि सगळे जावई आपापल्या ओवाळणीला निघाले होते. माझाही शर्ट पांढराच होता, पण माझ्या शर्टाला इस्त्री घरची होती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. मृगाची वाट बघत ढेकळं तापत होती. मधेच एखादं उभं कडुलिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत दाटीवाटीने शेळ्या. हे दृश्य सुंदर आहे असं म्हणणारे लोक गाडीची काच बंद करून बघत असावेत. आमच्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळे मी त्यातलं बरंचसं गिळलं.

लोह्याला चहासाठी थांबलो. चहा नावाचा गरम साखरेचा पाक प्यायलो आणि परत गाडीत बसलो, तर गाडी चालू होईना. चालकाने खूप खाटखुट केलं. मग वाहक आत डोकावला.

"मंडळी, जरा धक्का मारावा लागंल."

कुणी हललं नाही.

"अवो, उतरा की. चार गडी लागले तर झटक्यात चालू हुती."

माझ्या मागच्या बाकावरचा एक जाडसर गृहस्थ शर्टाची इस्त्री सांभाळत म्हणाला, "आमी धोंड्याला निघालोय. जावयानं गाडी ढकलली म्हणून सासुरवाडीत कळलं तर इज्जत राहील का?"

"मंग जावई न्हाई असा कोन हाय गाडीत?" वाहकाने विचारलं.

एकही हात वर झाला नाही. मी हे सगळं तुच्छतेने बघत होतो. माणसाला एक दिवस पाटावर बसवायचं ठरलं की तो आठवडाभर आधीपासून हात हलवायचा बंद होतो. मला कुणी विचारलं असतं तर मी मणक्याचं कारण सांगितलं असतं. मणका माझा तसा बरा आहे.

शेवटी अगदी मागच्या टोकाच्या बाकावरून मुखेडकडची एक बाई उठली. तिने पदर खोचला. "उतरा गं बायांनो," ती म्हणाली, "ह्यांना ओवाळायचं बी आपुनच आन् ढकलायचं बी आपुनच."

बायका खिदळत उतरल्या. सुनंदाही उतरली. नव्या साड्या नेसलेल्या दहा-बारा बायकांनी मागून रेटा दिला आणि ज्यांच्या मानासाठी हे सगळं चाललं होतं ते आम्ही आत बसून राहिलो. निदान खाली उतरून वजन तरी कमी करावं, हे एकाही जावयाला सुचलं नाही. गाडी धडधडत चालू झाली, तेव्हा त्या जाडसर गृहस्थाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि पाय लांब केले, ते नेमके आमच्या केळ्यांच्या पाटीत.

सुनंदा घामाघूम होऊन परत आली. तिने पाटी पाहिली, मला पाहिलं, आणि अहमदपूर येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत राहिली.

अहमदपूर

अहमदपूरच्या स्थानकाबाहेर सुशीला खाल्ली. परमुलखातल्या वाचकांसाठी सांगतो, सुशीला म्हणजे भिजवलेले चुरमुरे, कांदा, मिरची, शेंगदाण्याचं कूट, वरून कोथिंबीर. पुण्याकडचे लोक याला पोहे समजून खातात आणि नावं ठेवतात. या सबंध प्रवासात मला जिच्याबद्दल काही वाकडं लिहायचं नाही अशी ही एकच गोष्ट. प्लेट संपते न संपते तोच बालाजीचा फोन आला.

"दाजी, कुठवर आले? आबा विमानतळावर जाऊन बसलेत."

"कधी?"

"सकाळीच. रिक्षा करून. संगट तांब्या हाय, धोंड्याची दुरडी हाय. फाटकाच्या बाहीर बसलेत. घरी चला म्हणलं तर ऐकून न्हाई राहिले. ऊन लई हाय दाजी."

माझं सुशीलेवरून लक्ष उडालं. मे महिन्याच्या त्या उन्हात आंधळा म्हातारा, एका न येणाऱ्या विमानासाठी. मला बालाजीचा राग आला, त्या पानाचा आला, अर्धा तास असं लिहिणाऱ्या कुठल्यातरी दूरच्या माणसाचा आला. सुनंदा रडायला लागली, तेव्हा मला माझाही आला.

पुढचा रस्ता मी पाहिलाच नाही. चाकूर केव्हा गेलं कळलं नाही.

फाटकाबाहेर

लातूर बसस्थानकावर बालाजी जीप घेऊन उभा होता. लातूरकरांची एक खुबी आहे, चूक त्यांची असली तरी योजना त्यांच्याकडे तयार असते. अक्कल क्लास लावून मिळते असं त्या शहराचं मत आहे आणि बालाजी लहानपणी बऱ्याच क्लासांना गेलेला आहे.

"दाजी, असं करू," जीप एमआयडीसीकडे वळवत तो म्हणाला. "फाटकावरचा वॉचमन वळखीचा हाय. तो तुमाला आत घेईल. तुमी आतून चालत बाहीर यायचं. आबांना काय दिसून राहिलंय? म्हणायचं, आत्ताच उतरलो."

"आणि आवाज?"

बालाजीने यावर विचार केलेला होता. "मोबाईलात विमानाचा आवाज हाय."

सुनंदा पाठीमागून हळूच म्हणाली, "ऐका ना हो. एवढं एकदा."

खरं सांगायचं तर मी डळमळलो होतो. गाडी ढकलायला बायकोला पाठवणाऱ्या माणसाने खरेपणाचा तोरा किती मिरवावा, असंही मनात येऊन गेलं.

विमानतळ छान आहे. चकचकीत पाटी, रुंद रस्ता, दुतर्फा लावलेली झाडं. माणूस नाही. फाटकाशी एक वॉचमन खुर्चीत बसला होता आणि त्याच्या चौकीच्या सावलीत, जमिनीवर घोंगडी अंथरून, मामा. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्याला पटका. मांडीवर फडक्यात बांधलेली दुरडी, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या आणि पितळी परात. जीपचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, मग ती खाली घातली. ते जीपची वाट बघत नव्हते.

वॉचमन माझ्याजवळ आला. "साहेब, तुमीच का जावई? बाबांनी मला धा डाव विचारलं, विमान उतरलं का म्हणून. म्या काय सांगू? हितं कधीमधी एखाद्या मोठ्या साहेबाचं येतं. न्हाईतर आमचं काम म्हशी हाकलायचं."

बालाजी मला कोपराने ढोसत होता. मोबाईल त्याच्या हातात तयार होता. मी चालत गेलो आणि मामांच्या पुढ्यात उकिडवा बसलो.

"मामा, मी आलो."

त्यांचा चेहरा उजळला. हात पुढे आला, माझा खांदा चाचपून पाहिला. "आले का? मला आवाज न्हाई आला."

पाठीमागून बालाजीने मोबाईल पुढे केला.

"मामा, विमान नाही. एसटीनं आलो."

"मोबाईलात हाय म्हणला की बाल्या."

"मोबाईलात अंतर आहे. विमान असतं तर किती वेळ लागला असता, तेवढंच लिहिलंय."

मामांचा हात माझ्या खांद्यावरच होता. मग ते एकेक शब्द मोजून म्हणाले, "म्हंजी जमीन हाय. पट्टी हाय. फाटक हाय. येळ बी काढून ठिवलाय. फकस्त विमान न्हाई?"

"नाही, मामा."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी परात चाचपडून पुढे सरकवली.

"पाय फुडं करा."

"मामा, इथं कशाला? घरी जाऊन..."

"हितंच. माझं रान हाय हे. त्या कुंपणाच्या आत हीर हुती, तिच्या कडंला आंबा हुता. तुमचं लगीन झालं त्या साली पयला धोंडा त्या आंब्याखाली जेवला तुमी. आठवून राहिलंय का?"

मला आंबा आठवत नव्हता. मला आठवत होतं की जेवण होताच मी घड्याळ बघितलं होतं आणि चारची गाडी पकडली होती. पुढच्या सगळ्या धोंड्यांना मी तेच केलं. आलो, जेवलो, कपडे घेतले, चारची गाडी पकडली.

त्या आंधळ्या माणसाने माझे धुळीने माखलेले पाय परातीत घेऊन धुतले. बोटं एकेक करून पुसली. विमानातून उतरलेल्या माणसाचे पाय इतके मळलेले नसतात, हे त्यांच्या बोटांना आपोआप कळलं असतं. बालाजीने मोबाईल खिशात घातला. सुनंदाने दुरडी सोडली, तुपाचं भांडं काढलं, आणि केळ्यांच्या पाटीत जे काही उरलं होतं ते एका पानावर ठेवलं. वॉचमनलाही बसवलं. फाटकाबाहेर, बंद विमानतळाकडे तोंड करून, मी धोंडा खाल्ला. पुरण गार झालं होतं. तूप उन्हाने पातळ झालं होतं. त्यासारखा धोंडा मी आयुष्यात खाल्ला नव्हता.

"किती येळ लागला गाडीला?" मामांनी विचारलं.

"सकाळीच निघालोय. लोह्याला बंद पडली. बायकांनी ढकलली."

"आन् तुमी?"

"आम्ही बसलो होतो."

मामा हसायला लागले. इतके हसले की खोकला आला, सुनंदाने पाठ चोळली. "बरंच झालं," ते म्हणाले. "अर्ध्या घंट्यात आले असते, तर अर्ध्या घंट्यात गेले बी असते."

मी दुसरा धोंडा तोंडात घातला. नावं ठेवायला माझ्याजवळ एरवी शब्दांची कमी नसते.

निघताना

त्या दिवशी चारची गाडी गेली आणि मी ती जाऊ दिली. रात्री अंगणात बाजेवर पडून मामांनी मला आपलं रान बांधाबांधाने सांगितलं: कुठे हरभरा चांगला यायचा, कुठे पाणी साचायचं, कुठल्या बांधावरून भावकीशी भांडण झालं. भूगोलाच्या मास्तराने तो धडा पहिल्यांदा घेतला. धावपट्टीखाली काय काय आहे, हे त्या पानावर लिहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गल्लीतली माणसं दारात उभी होती, कारण विमानाने आलेला जावई बघायचा होता. मामांनी त्यांना मोठ्या आवाजात सांगून टाकलं, "एसटीनं आला. विमान न्हाई अजून." जणू ते वाटेत कुठेतरी अडकलंय आणि येतंच आहे.

मग त्यांनी माझा हात धरला. बोटांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. सुनंदाने तोंड फिरवलं.

"फुडच्या धोंड्याला कशानं येणार?" त्यांनी विचारलं.

कुठलंही पान उघडून बघायची गरज नव्हती. तीन वर्षांत काय होतं आणि काय होत नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. डॉक्टर बालाजीला काय म्हणाले, तेही मला माहीत होतं आणि मला वाटतं मामांनाही.

"विमानानं, मामा," मी म्हणालो.

सुनंदाने चमकून माझ्याकडे पाहिलं. मामांनी माझा हात आणखी घट्ट दाबला.

"मंग तवर थांबावं लागंल मला," ते म्हणाले.